ॲव्हरेज

दारात नवी गाडी उभी राहिली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ॲव्हरेज किती देते?" रंग कुठला, किंमत किती, हप्ता किती बसला, हे सगळं नंतर. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ नुसता 'सरासरी', पण आपण तो इतका आपलासा केला की 'लिटरला किती किलोमीटर' एवढाच अर्थ त्यात उरला. माझी सगळी हयात शाळेत गेली, त्यामुळे हा शब्द कानावर पडला की मला आधी निकालपत्रक आठवतं. आणि गंमत म्हणजे मोटारीच्या इंजिनालाही या सरासरीने एके काळी बराच चकवा दिलेला आहे. मी काही इंजिनिअर नव्हे, मराठी माध्यमातून बी.ए. झालेला मास्तर. पण ही हकिगत समजायला इंजिनिअर असावं लागत नाही. पंगतीत एकदा तरी हातात बादली घेऊन वाढलेलं असलं की पुरे.

आमच्या रहिमतपूरच्या बाजूला माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांची इंजिनाशी पहिली ओळख रस्त्यावर झाली नाही, विहिरीवर झाली. आमच्या कोरेगाव तालुक्यातच सातारारोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना. नांगर आणि पुढे डिझेल इंजिनं यासाठी तो नावाजलेला. हेच कूपर १९३७ साली एप्रिलपासून जुलैपर्यंत मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत. त्याच रेल्वेलाइनने खाली मिरजेकडे गेलं की किर्लोस्करवाडी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ती १९१० साली वसवली, आणि १९४६ साली किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना पुण्यात निघाला. मळ्यात एका लयीत डुगडुगणारं ते इंजिन बहुधा एका सिलिंडरचं असे. एकच तोंड, एकच घास. जेवढं दिलं तेवढं तेच खाणार. वाटणीचा प्रश्नच नाही. कार्ल बेंझने १८८६ साली पेटंट घेतलेली मोटारही अशीच एका सिलिंडरची होती.

भानगड सुरू झाली ती सिलिंडर वाढले तेव्हा. चार सिलिंडर आले, मग सहा आले, पण त्यांना जेवू घालणारा कार्बोरेटर मात्र बहुतेक गाड्यांत एकच राहिला. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत मोटारी जोडायला सुरुवात केली आणि लगेच पुढच्या वर्षी त्यांची शेवरलेट चाराऐवजी सहा सिलिंडरची झाली. स्वयंपाकी एक आणि पानं सहा, असा तो मामला.

कार्बोरेटरचं काम हवेत पेट्रोलचा फवारा मारायचं. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १५ किलो हवा लागते. हे वजनाचं माप झालं. आकारमानाने पाहिलं तर लिटरभर पेट्रोलला सुमारे ९००० लिटर हवा! हे प्रमाण कार्बोरेटर बऱ्यापैकी सांभाळतो. पण त्याच्या तोंडातून निघालेलं मिश्रण सिलिंडरपर्यंत पोचायचं असतं फाटे फुटलेल्या एका नळीतून. तिला मॅनिफोल्ड म्हणतात. अडचण येते ती या नळीत.

पंगतीत आमटी वाढणाऱ्याला हे चटकन कळेल. बादली ढवळली नाही तर वरचं पाणी पहिल्या पानांवर जातं आणि तळाची डाळ शेवटच्यांना मिळते. बादली एकच, आमटी एकच, पण प्रत्येकाच्या वाटीत वेगळी. इंजिनातही तसंच. हवा हलकी, ती वळणावर सहज वळते. पेट्रोलचे न विरलेले थेंब जड, ते सरळ जाऊन समोरच्या भिंतीवर आपटतात आणि ओघळ होऊन नळीच्या तळाने सरपटत जातात. तो ओघळ कुठल्या सिलिंडरच्या वाट्याला येईल हे नळीच्या बाकावर, ओतकामातल्या खडबडीतपणावर आणि सिलिंडर कुठल्या क्रमाने श्वास घेतात त्यावर ठरतं. आपल्या जुन्या फियाटमध्ये आणि ॲम्बॅसडरमध्ये हा क्रम १-३-४-२ असा होता. ॲम्बॅसडरच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनात तर दोन-दोन सिलिंडर मिळून आत जायचा रस्ता एकच असे. एकाने ओढून घेतल्यावर लगेच त्याच वाटेने दुसऱ्याने ओढायचं. एकाच नळावर दोन बिऱ्हाडं असली की काय होतं ते सांगायला नको.

यात आणखी एक खोच आहे. गाडी जागेवर उभी राहून धुगधुगत असते तेव्हा कार्बोरेटरची झडप जवळजवळ मिटलेली असते, पुढच्या नळीत हवेचा दाब खूप उतरतो आणि कमी दाबाखाली पेट्रोल पटकन वाफ होतं. वाफ झाली की वाटणी सोपी. पण खंबाटकीचा घाट लागला, ड्रायव्हरने पाय दाबला, झडप पूर्ण उघडली, की तो कमी दाब नाहीसा होतो आणि थेंब थेंबच राहतात. म्हणजे जेव्हा चौघांनीही जीव लावून ओढायची वेळ येते, नेमकी तेव्हाच वाटणी सगळ्यात वाईट होते. पौषातल्या पहाटे थंड इंजिनातही तेच.

आता सरासरीकडे येऊ. समजा चार सिलिंडरांना हवा-पेट्रोलचं प्रमाण मिळालं १३, १४, १६ आणि १७. चौघांची सरासरी १५. सायलेन्सरच्या तोंडाशी धूर तपासला तर चौघांचा मिळून एक नमुना हातात येणार आणि मिश्रण सरासरीने ठीक आहे असं तो सांगणार. प्रत्यक्षात एक सिलिंडर जास्तीचं पेट्रोल पोटात घेऊन काळा पडतोय आणि एक अर्धपोटी आहे. अर्धपोटी सिलिंडरमधलं मिश्रण रेंगाळत जळतं. कधी पेटतच नाही, तर कधी ती आग पुढचा घास आत येईपर्यंत धुमसत राहते आणि उलटी कार्बोरेटरमधून फटका मारते. आपण आज पीयूसी काढायला जातो तेव्हा सायलेन्सरमध्ये जी नळी घालतात तीही सगळ्यांचा मिळूनच वास घेते.

म्हणून जुन्या काळातल्या इंजिनिअरांना प्रत्येक सिलिंडरची वेगळी परीक्षा घेणं भाग पडलं. या परीक्षा मला मास्तर म्हणून फार आवडल्या, कारण प्रत्येक परीक्षेचा प्रश्न वेगळा आहे.

पहिली परीक्षा गॅरेजमधली. फार वर्षांपूर्वी मी आमच्याकडच्या एका मेस्त्रींना ती करताना पाहिलं. पेट्रोलवरची जुनी टॅक्सी होती, मिसिंग करत होती. मेस्त्रींनी इंजिन चालू ठेवलं, लाकडी मुठीचा डिसमिस घेतला, त्याचं टोक इंजिनच्या लोखंडाला आणि दांडी प्लगच्या डोक्याला लावली. ठिणगी प्लगमध्ये न जाता लोखंडात गेली आणि तेवढा एक सिलिंडर बंद पडला. इंजिन लगेच लंगडलं. म्हणजे तो सिलिंडर काम करत होता. असं एकेक करत ते चौथ्याशी आले. तिथे डिसमिस लावला तरी आवाजात काही फरक पडेना.

"गुरुजी, ह्यो असला काय न् नसला काय, सारखाच हाय बगा," मेस्त्री म्हणाले.

मी म्हटलं, "म्हणजे कामचुकार."

"कामचुकार कशापायी? उपाशीबी असंल की. आदी बगू त्याला मिळतंय का."

मग त्यांनी चौथ्याचा प्लग काढून पाहिला, तो पांढराफटक. बाकीच्यांचे बिस्किटाच्या रंगाचे. प्लगची अदलाबदल केली तरी दोष चौथ्यातच राहिला, म्हणजे प्लगचा गुन्हा नाही. प्लगच्या भोकावर अंगठा धरून इंजिन फिरवलं, दाब चांगला होता, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचाही नाही. शेवटी इंजिन चालू करून मॅनिफोल्डच्या जोडावर तेलाचे चार थेंब टाकले, आणि आवाज बदलला. जोडातल्या फटीतून चौथा सिलिंडर फुकटची हवा ओढत होता. नवीन पॅकिंग घातलं, काम झालं.

डिसमिसची परीक्षा 'कोण कमी पडतोय' एवढंच सांगते, 'का' ते सांगत नाही. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत 'मोर्स टेस्ट' करावी लागते, ती याच डिसमिसची शिकली-सवरलेली बहीण. एकेक सिलिंडर बंद करायचा, इंजिनवरचा भार कमी करून वेग पहिल्याइतका आणायचा, आणि किती ताकद कमी झाली ते मोजायचं. कमी झालेली ताकद ही त्या सिलिंडरची कमाई. इथेही कमाई कळते, ताटातलं कळत नाही.

ताटात काय पडलं हे पाहायचं तर उष्ट्याकडे बघावं लागतं. त्यासाठी प्रत्येक सिलिंडरच्या धुराच्या वाटेला, सगळे धूर एकत्र होण्याआधीच, बारीक नळी बसवत आणि नमुना वेगळा काढत. मग ओरसात नावाच्या काचेच्या उपकरणात तो तपासत. १०० मिलिलिटर धूर घ्यायचा. तो कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणातून फिरवला की त्यातला कार्बन डायऑक्साइड शोषला जातो. जितका कमी झाला तितके त्याचे टक्के. मग पायरोगॅलॉलमधून, तिथे ऑक्सिजन जातो. मग अमोनियातल्या क्युप्रस क्लोराइडमधून, तिथे विषारी कार्बन मोनॉक्साइड. मिश्रण बरोबर असेल तर कार्बन डायऑक्साइड साधारण १३-१४ टक्के भरतो. ऑक्सिजन बराच उरला तर त्या सिलिंडरला पेट्रोल कमी पडलं. कार्बन मोनॉक्साइड जास्त निघाला तर पेट्रोल जास्त झालं. एका नमुन्याला बराच वेळ जाई आणि सहा सिलिंडरांचे सहा नमुने. पण त्या वेळखाऊ कामातून प्रथमच चौघा-सहांचे वेगवेगळे गुण कागदावर आले. धुराचं धुराडं काढून टाकून रात्रीच्या अंधारात प्रत्येक सिलिंडरच्या तोंडच्या ज्वाळेचा रंग बघायचा, निळसर की पिवळी, हीसुद्धा एक पद्धत होती.

दोष कळला, पण उपाय? सगळ्यात सोपा आणि सगळ्यात खर्चिक उपाय म्हणजे सगळ्यांनाच जास्त वाढायचं. वरच्या उदाहरणात सगळ्यात उपाशी सिलिंडर १७ वर होता. त्याला १५ वर आणायचं म्हणून कार्बोरेटर सैल सोडला तर चौघं होतात ११, १२, १४ आणि १५. सरासरी १३. म्हणजे एकाला पोटभर मिळावं म्हणून तेवढ्याच हवेला साधारण १५ टक्के पेट्रोल जास्त, आणि ते पहिल्या दोघांच्या तोंडून अर्धवट जळून धुरात जाणार. शिवाय न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ करतं, ते वेगळंच.

दुसरा उपाय, नळी गरम करायची. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मोटारी वाढल्या, पेट्रोल पुरेना, म्हणून त्यात जड, उशिरा वाफ होणारे भाग जास्त यायला लागले आणि ओघळ वाढले. तेव्हा धुराची गरम नळी मॅनिफोल्डच्या पोटाला चिकटवून थेंबांची वाफ करायची युक्ती निघाली. वाटणी सुधारली, पण गरम हवा फुगते, सिलिंडरमध्ये कमी मावते, म्हणून ताकद थोडी घटली. समान वाढायचं तर थोडं कमी वाढायचं, असा तो सौदा.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा आपल्याकडे लोणारी कोळशाच्या गॅसवर मोटारी चालवल्या. मागे भट्टी, धूर, चढाला उतारूंनी खाली उतरायचं, हे वर्णन आधीच्या पिढीकडून पुष्कळांनी ऐकलं असेल. ताकद फार कमी, पण एका बाबतीत ते इंजिन सुखी होतं. गॅस मुळातच वायू, त्याचे थेंबही नाहीत आणि ओघळही नाहीत. सगळ्यांना जे काही थोडं मिळायचं ते सारखं मिळायचं.

वाटणीतला सगळ्यात चमत्कारिक प्रकार शिशाचा. इंजिन ठोकू नये, म्हणजे नॉकिंग होऊ नये, म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग घालायचा शोध अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांना १९२१ साली लागला आणि १९२३ पासून ते विकायला आलं. हे संयुग सुमारे २०० अंशांना उकळतं, म्हणजे ते ओघळातल्या जड भागाबरोबर जाणार. ज्याच्या वाट्याला ओघळ नाही त्याला शिसंही कमी. म्हणजे जो उपाशी तोच बिनऔषधाचा, आणि ठोकणारही तोच. शिसं आत साचू नये म्हणून सोबत घातलेलं दुसरं रसायन १३१ अंशांना उकळणारं, त्यामुळे रोग एकाच्या घरी आणि उतारा दुसऱ्याच्या, असंही व्हायचं. १९६० साली ११० अंशांना उकळणारं वेगळं शिसं बाजारात आणलं ते वाटणी सुधारावी म्हणून. पेट्रोलचा ऑक्टेन आकडा मात्र प्रयोगशाळेत एका सिलिंडरच्या इंजिनावर काढतात. तिथे वाटणीचा प्रश्नच उद्भवत नाही, त्यामुळे तिथे पास झालेलं पेट्रोल रस्त्यावरच्या चार सिलिंडरांत ठोकायचं. शिशाने माणसांचं, विशेषतः लहान मुलांच्या मेंदूचं जे नुकसान केलं ते तर फार मोठं. आपल्या देशात १ फेब्रुवारी २००० पासून शिसं घातलेलं पेट्रोल बंद झालं.

हे सगळं वाचताना मला शाळा आठवत राहते, त्याला माझा इलाज नाही. वर्गाची सरासरी ५० आहे, एवढं सांगून कागदाचं समाधान होतं. पण सगळी मुलं ४५ ते ५५ मध्ये असली तरी सरासरी ५०, आणि अर्धी ८० ला नि अर्धी २० ला असली तरी ५०च. मग ठराविक उपाय निघतो, सगळ्या वर्गाला जादा तास. ज्यांना येतं ती मुलं जांभया देतात आणि ज्यांना येत नाही ती मागच्या बाकावर अजूनही मागेच. आणि 'कमी पडतो' हे कळल्यावर आपण फार लवकर 'लक्ष नाही' असा शेरा मारून मोकळे होतो. एखादं पोर पहाटे जनावरांचं करून, चार किलोमीटर चालत, चहावर शाळेत आलेलं असतं. प्रगतिपुस्तक म्हणजे डिसमिसची परीक्षा. ती कोण ते सांगते. का ते शोधायला प्लग काढून बघावा लागतो. पाटाच्या टेलला ज्याचं रान आहे त्यालाही धरणात किती टक्के पाणी आहे हे सांगून उपयोग नसतो.

मोटारीतला प्रश्न अखेर सुटला तो वाटायची पद्धतच बदलल्यामुळे. डिझेल इंजिनात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र फवारा आधीपासूनच होता, आणि वाटणी बघायची पद्धतही किती स्वच्छ! पंप काढून बाकावर बसवायचा, फिरवायचा, आणि प्रत्येक फवाऱ्याचं डिझेल आपापल्या काचेच्या नळीत पडू द्यायचं. ठरलेले फेरे झाले की शेजारी शेजारी उभ्या नळ्यांमधली पातळी सारखी आहे का ते बघायचं. एकीत कमी भरलं तर तेवढाच पेच फिरवायचा. बाकीच्यांना हात लावायचं कारण नाही. पुढे पेट्रोलच्या गाड्यांतही प्रत्येक सिलिंडरच्या दाराशी वेगळा फवारा आला. २००० सालाच्या आसपास मारुतीच्या पाठीवर 'एमपीएफआय' ही अक्षरं दिसू लागली ती याचीच. कार्बोरेटरवाल्या पद्मिनी टॅक्सीचा मुंबईतला शेवटचा दिवस ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला.

आता बहुतेक गाड्यांत धुरातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र असतं, पण ते बसवलेलं असतं चारही धूर एकत्र झाल्यावर. म्हणजे तेही सरासरीच बघतं! म्हणून गाडीतला संगणक आणखी एक काम करतो. प्रत्येक ठिणगीनंतर इंजिन किती फिरलं, कुठे किंचित अडखळलं, हे तो सारखं मोजत असतो. मेस्त्री कानाने करत तेच. चौथा सिलिंडर अडखळला तर तो 'पी०३०४' असा आकडा दाखवतो. त्याचा अर्थ एवढाच, की चौथा काम करत नाही. तो उपाशी आहे, की त्याची ठिणगी गेली, की व्हॉल्व्ह गळतोय, हे तो आकडा सांगत नाही. त्यासाठी आजही कुणीतरी बॉनेट उघडून आधी बघावं लागतं, त्याला मिळतंय का.